हुशार हां, डॉक्टर

लोक मोटारसायकलवरून लडाखला जातात, स्पितीला जातात आणि आल्यावर प्रवासवर्णन लिहितात. मी नांदेडहून उदगीरला गेलो, तिथून लातूर पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी घरी आलो. एवढा प्रवास एसटीनं रोज किती माणसं करतात, त्यातलं कुणी लिहायला बसत नाही. मीही बसलो नसतो. पण आल्यापासून माझा डावा पाय मला स्वस्थ बसू देईना, म्हणून लिहितो आहे.

पायाचं आधीच सांगून टाकतो. मी गुरांचा डॉक्टर. चोवीस वर्षं नांदेडच्या आसपासच्या गावांत जुन्या बुलेटवर फिरतो आहे. जुनी म्हणजे उजव्या गिअरची. आताच्या सगळ्या गाड्यांना डाव्या पायात गिअर आणि उजव्या पायात ब्रेक असतो. माझ्या गाडीला नेमकं उलटं. तिचा पुढचा ब्रेक नावापुरताच, त्यामुळे ती थांबते ती डाव्या पायाच्या जोरावर. कुत्रं आडवं आलं, बैलगाडी वळली, की डावा पाय खाली. यासाठी मला विचार करावा लागत नाही. डाव्या गिअरची गाडी मी कधी चालवलीच नाही असं नाही. कंपाउंडरची गाडी घेऊन बाजारापर्यंत जाऊन येतो. पण हळू जाताना डोक्याला पायाशी बोलायला वेळ मिळतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

अलीकडे बुलेटचे पार्ट मिळेनासे झाले. रविवारी बिदरला जाणारे मित्र माझी वाट बघता बघता दुसरा चहा संपवू लागले. ही झाली सांगण्याजोगी कारणं. खरं कारण असं, की मी एकोणपन्नास वर्षांचा आहे आणि मला एक वेगाची गाडी हवी होती. चार सिलिंडरची, पोटावर झोपून चालवायची, कानठळ्या बसवणारी. उदगीरच्या एका आडत व्यापाऱ्याकडे तशी गाडी जवळजवळ नवी आहे आणि तो विकायला निघाला आहे, असं औषधं पुरवणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं सांगितलं, आणि मला दोन रात्री झोप आली नाही.

बायको, सुनंदा, जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. तिला सांगितलं तेव्हा ती वह्या तपासत होती.

"घ्या की. मी कुठं नाही म्हणते?" ती म्हणाली. "फक्त आल्यावर मला खरं सांगायचं. त्या गाडीवर मी मागं बसू का नको, एवढंच. तुमचं आपलं प्रत्येक बारीला 'मस्त हाय' असतंय. मागं चिखलात पडून गुडघा फोडून आलात, तवा बी मस्तच होतं."

मी कबूल झालो. तेव्हा ते फार सोपं वाटलं.

पहिला दिवस : नांदेड ते उदगीर

निघताना अर्धापूरच्या एका शेतकऱ्यानं केळीच्या दोन फण्या आणून दिल्या. त्याच्या म्हशीचं अडलेलं रेडकू मी आदल्या आठवड्यात सोडवलं होतं. रिकाम्या हातानं उदगीरला जाण्यापेक्षा बरं म्हणून केळी मागच्या चामडी पिशवीत घातली आणि लोह्याच्या रस्त्याला लागलो.

दिवाळी तोंडावर होती. सोयाबीन निघालं होतं, तूर कमरेच्या वर गेली होती. या दिवसांत आमच्याकडचा डांबरी रस्ता अर्धा वाहनांचा आणि अर्धा सोयाबीनचा असतो. कंधार सोडलं की मैल मैल दाणे पसरलेले, कडेनं दगड मांडलेले आणि शेजारी छत्री धरून बसलेली एखादी म्हातारी. सोयाबीनच्या दाण्यावर चाक गेलं तर गाडी गोट्यांवरून घसरावी तशी घसरते. जांबच्या अलीकडे एका आजींनी तर रस्त्याचा पाऊण भाग घेतला होता. मी गाडी उभी केली.

"आजी, जायला रस्ता सोडा की थोडा."

"रस्ता कुठं चाललाय? हितंच हाय की," आजी म्हणाल्या. "ऊन गेलं म्हंजे मातर परत येत न्हाई. तुमी कडंकडंनं जावा."

मी कडेकडेनं गेलो. एरवी मला याची गंमत वाटली असती. त्या दिवशी मात्र मी प्रत्येक अडथळा त्या न पाहिलेल्या गाडीवरून पाहत होतो. ती इथून गेली असती तर? तिचा टायर रुंद, पण गुळगुळीत. तिचा ब्रेक उजवा. "उजवा ब्रेक, डावा गिअर," असं मी निघाल्यापासूनच हेल्मेटच्या आत पुटपुटत होतो आणि जळकोट येईपर्यंत पुटपुटतच राहिलो. शंभरेक किलोमीटर तोंडानं एक म्हणत होतो आणि पायानं त्याच्या उलट करत होतो. आता वाटतं, तिथंच मी माती खाल्ली.

काशिनाथअप्पा आडतीच्या दारातच उभे होते. साठीला आलेले, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरा शर्ट, पायांत मात्र कोरे करकरीत स्पोर्ट शूज. "शरणार्थी, या डॉक्टर," असा लिंगायतांचा नमस्कार करून त्यांनी हात जोडले. उदगीर कर्नाटकाला खेटून असल्यानं घरात ते बायकोशी कानडी बोलतात आणि माझ्याशी मराठी, आणि मधेच दोन्हींची सरमिसळ होते.

मी मोठ्या तोऱ्यात पिशवी उघडली. बुलेटच्या धडधडीनं केळ्यांचा लगदा झाला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अप्पांच्या बायकोनं, महादेवीअक्कांनी, पिशवी हातातून घेतली, आत पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. कुस्करायचं काम वाचलं." रात्री ताटात त्याचंच शिकरण आलं. सोबत ज्वारीची भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची, आमटी. नांदेडला आमच्या घरी पाहुण्याला पहिल्या दिवशी मटण नाही वाढलं तर सुनंदाला चुकल्यासारखं होतं. इथं जेवणाआधी अप्पांनी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन शांतपणे पूजा केली आणि मगच पान घेतलं. तेवढा वेळ मी पाटावर बसून डाव्या पायाचा अंगठा दाबून बघत होतो.

गाडी जेवणाआधीच पाहिली होती. ती गोदामात होती, हरभऱ्याच्या पोत्यांच्या दोन थप्प्यांच्या मधोमध. अप्पांनी वरची सतरंजी काढली. गर्द निळी, एक ओरखडा नाही, पेट्रोलच्या टाकीवर भस्माचे तीन पट्टे. दर सोमवारी ते तिला लावतात. मी वाकून पाहिलं. मीटरवर दोन हजार किलोमीटरही झालेले नव्हते.

"तीन वर्षांत एवढीच फिरवली?" मी विचारलं.

अप्पांनी मागं वळून पाहिलं, दारात कुणी नाही याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. "डॉक्टर, तुमाला म्हणून सांगतो. सहा गियर हायत म्हणं हिला. मी तिसऱ्याच्या वर गेलो न्हाई."

मी हसलो नाही. त्यांचा चेहरा हसण्यासारखा नव्हता.

"हौस लई होती," ते म्हणाले. "पर तिसरा टाकला का छाती धडधडती. चौथ्याला हातच... म्हंजे पायच उचलत न्हाई. इकायची तर हाय. पर माझी एक अट हाय. उद्या तुमी चालवा, मला मागं बसवा. चवथा गियर कसा असतो ते एकडाव बघू द्या, मग न्या."

एका भित्र्या माणसानं दुसऱ्या भित्र्याकडे विश्वासानं पाहावं, तसं ते माझ्याकडे पाहत होते. "तुमी चोवीस वर्सं बुलेट चालवायलाव, तुमाला काय," असंही म्हणाले. मी मान डोलावली. माझ्या बुलेटचा ब्रेक कोणत्या पायात आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

दुसरा दिवस : उदगीर ते लातूर आणि परत

सकाळी अक्कांनी सुशीला केली होती. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा हा नाश्ता आमच्याकडेही होतो, पण उदगीरला त्यात दाण्याचं कूट हात सैल सोडून घालतात. एरवी दोन बशा खाल्ल्या असत्या. त्या दिवशी चार घास गेले.

आधी मी एकट्यानं बाजार समितीच्या मोकळ्या आवारात फेऱ्या मारल्या. गिअर, ब्रेक, गिअर, ब्रेक. पाय ऐकत होता. पाचसहा फेऱ्यांनंतर हमाल लोक पोती टाकून बघायला उभे राहिले आणि मला जरा बळ आलं. मग अप्पा मागच्या त्या पाटाएवढ्या सीटवर चढले. हेल्मेटनं भस्म पुसेल म्हणून कुरकुरले आणि माझी कंबर त्यांनी अशी धरली, की माझा श्वास अडला.

अक्का दारात आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून बोट उचललं. "हुशार हां, डॉक्टर."

मी फुशारलो. खोटं कशाला बोलू, आवारातल्या फेऱ्या त्यांनी गच्चीतून बघितल्या असाव्यात आणि बाईंना माझी कदर आहे, असं मला वाटलं. सुनंदानं चोवीस वर्षांत माझ्या गाडी चालवण्याला एकदाही हुशार म्हटलं नव्हतं. त्या एका शब्दावर मी उदगीरच्या बाहेर पडलो.

गाडीबद्दल मी खोटं बोलणार नाही. ती सुंदर आहे. गाव मागं पडलं, रस्ता मोकळा झाला आणि तिसऱ्या गिअरला तिनं जो सूर धरला, त्यानं माझ्या अंगावर काटा आला.

"टाकू का चौथा?" मी ओरडलो.

"टाका! टाका!" अप्पा ओरडले, आणि मी टाकला, आणि ते मागून लहान पोरासारखे हसायला लागले. पाचवाही टाकला. तुरीची शेतं दोन्ही बाजूंनी हिरव्या पट्ट्यासारखी मागं जात होती. त्या चारपाच मिनिटांत मला कसलीच भीती नव्हती, आणि आता त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

नळेगावच्या पुढं एका वळणानंतर रस्त्याच्या डाव्या अर्ध्यात सोयाबीन पसरलेलं होतं आणि उजव्या अर्ध्यात एक म्हैस उभी होती.

म्हशी मला कळतात. गाय घाबरली की पळते, म्हैस घाबरली की उभी राहते. ही हलणार नाही हे मला तिचे कान बघताच कळलं. म्हणजे गाडी थांबवायचीच, सोयाबीनवर जायचं नाही. डोक्यानं एवढा सगळा हिशेब बरोबर केला आणि पायाला हुकूम सोडला. आणि पायानं चोवीस वर्षं जे केलं तेच केलं. डावा पाय जिवाच्या आकांतानं खाली गेला.

तिथं ब्रेक नव्हता, गिअर होता. क्लच मी दाबलेला होता, त्यामुळे गाडी एक-दोन गिअर खाली आली आणि वेग मात्र तसाच. मी आणखी जोरात दाबलं. थांबत का नाही म्हणून पुन्हा दाबलं. मग घाबरून क्लच सुटला, इंजिन किंचाळलं, मागचं चाक उड्या मारायला लागलं आणि अप्पांचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर दाणकन आपटलं. उजव्या हाताच्या दोन बोटांनी पुढचा ब्रेक कधी ओढला, मला आठवत नाही. या गाडीचा पुढचा ब्रेक खरा आहे, म्हणून आम्ही वाचलो. गाडी थांबली तेव्हा म्हशीच्या नाकाचा ओला वास येत होता. उजवा पाय अजून पायदांडीवर निवांत ठेवलेला होता.

म्हशीनं आमच्याकडे बघितलं आणि ती सोयाबीन खायला वळली.

अप्पा उतरले. वाकून पुढचं चाक पाहिलं. मग म्हणाले, "डॉक्टर, बिरेक फेल झाला का?"

हो म्हणणं फार सोपं होतं. गाडीवर ढकलून मी मोकळा झालो असतो. तोंड उघडलंही होतं. पण त्यांनी हेल्मेट काढलं, कपाळावरचं भस्म घामात पार वाहून गेलं होतं, आणि मला ते जमेना. मी त्यांना पायाचं सगळं सांगितलं.

ऐकून ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले. "आन् आमची ही तुमाला सांगत हुती हुशार म्हणून."

"त्या तर कौतुक..." मी म्हणालो.

"कवतिक कसलं? आमच्यात हुशार म्हंजे संभाळून. जपून जावा म्हणली ती तुमाला."

कुणी थोबाडीत मारली असती तरी एवढी लागली नसती.

लातूर तीसेक किलोमीटर होतं. तिथं एका गल्लीत त्यांचा ओळखीचा मेकॅनिक आहे, त्याला गाडी दाखवल्याशिवाय परत फिरायला अप्पा तयार नव्हते. आम्ही जीव मुठीत धरून, दुचाकी शिकणाऱ्या पोरींच्या वेगानं तिथं पोचलो. मेकॅनिकनं चेन पाहिली, चाक फिरवलं, एक चक्कर मारून आला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "गाडी को कुछ नै हुआ, साब. गाडी नई हय, आपका पाव पुराना हय." मी विचारलं, सवय मोडायला किती दिवस लागतील? तो म्हणाला, मोडायला दोन महिने, "लेकिन फिर वो बुलेट को हात नै लगाना. एक पाव में दो गाडी नै रहती."

त्याच्याकडचा चहा मी बशीत ओतून संपवला.

परतताना अप्पा म्हणाले, "मी चालवतो." मी मुकाट्यानं मागं बसलो. पूर्ण रस्ता तिसऱ्या गिअरमध्ये. ट्रकवाले हॉर्न वाजवून पुढं जात होते. चोवीस वर्षांत मी कुणाच्या मागं बसलो नव्हतो. मागच्या माणसाला ना ब्रेक असतो ना हँडल. पुढच्याची पाठ बघत बसायचं, बस्स. नळेगावच्या वळणाशी माझ्या लक्षात आलं, की माझी डावी पिंढरी दुखते आहे. मी लातूरपासून डाव्या पायानं पायदांडी दाबत आलो होतो. सुनंदा अशी किती वर्षं बसली असेल, हे मनात आलं आणि मी रडायच्या बेतात आलो.

तिसरा दिवस : उदगीर ते नांदेड

किमतीचं बोलणं निघालंच नाही. "इचार करा," अप्पा म्हणाले, "मी बी करतो." अक्कांनी वाटेसाठी धपाटे बांधून दिले. निघताना पुन्हा "हुशार हां" म्हणाल्या. या वेळी मी नीट ऐकलं.

बुलेटला किक मारली आणि ती ओळखीची धडधड अंगात शिरली, तसं वाटलं, सुटलो. ही आपली गाडी. हिच्यावर आपल्याला कुणी काही शिकवायचं नाही. जळकोट, जांब, कंधार, सगळं ठीक. सोयाबीनच्या त्या आजी आजही होत्या. त्यांना मी हात केला.

लोह्यात एसटी थांबली होती. तिच्या पुढून एक म्हातारे गृहस्थ, हातात पिशवी, न बघता रस्त्यावर आले.

आणि माझा उजवा पाय खाली गेला.

दोन दिवस आणि शंभर किलोमीटर मी त्याला "उजवा ब्रेक, उजवा ब्रेक" असं घोकवलं होतं. काल म्हशीपाशी त्याला ते आठवलं नाही, आज आठवलं. बुलेटच्या उजव्या पायात गिअर, तोही खाली दाबला की चढणारा. ती खटकन पुढच्या गिअरमध्ये गेली आणि धडधडत तशीच पुढं निघाली. डावा पाय मागून आला, उशिरा. चाक म्हाताऱ्यांच्या पिशवीला घासून थांबलं. पिशवीतून दोन कांदे घरंगळत एसटीखाली गेले.

म्हातारे जागचे हलले नव्हते. त्यांनी आधी चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बिरेक न्हाई का गाडीला?"

"हाय, बाबा."

"मंग मारा की!"

मी कांदे काढून दिले. त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण ते पुढं निघून गेले होते. लोह्यापासून नांदेडपर्यंतचा रस्ता मी कसा आलो ते लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या गिअरमध्ये आलो. दोन्ही पाय परक्याचे असावेत असे वाटत होते.

घरी

सुनंदानं पाणी दिलं. बसली. "हं. सांगा. मागं बसू का नको?"

"त्या गाडीवर नको," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. नळेगाव सांगितलं, मेकॅनिक सांगितला, अक्कांचा शब्द सांगितला. लोह्याचंही सांगितलं. शेवटी तिनं अंगणात उभ्या असलेल्या बुलेटकडे पाहिलं.

"म्हंजे आता हिच्यावर बी नको?"

याचं उत्तर मी उदगीरहून आणलं नव्हतं. खरं सांगायचं कबूल केलं होतं, म्हणून म्हणालो, "आत्ताच नको."

दुसऱ्या दिवशी अप्पांना फोन केला, की गाडी घेत नाही. ते एकदम खूश झाले. "बरं झालं बगा. मी आज सकाळी चवथा टाकला! आमची ही बोलंना माझ्याशी, पर टाकला."

मी मात्र पुढचा महिनाभर रोज सकाळी गावाबाहेरच्या मैदानावर जात होतो. गाडी पळवायची आणि थांबवायची. पळवायची आणि थांबवायची. चोवीस वर्षांनी. फिरायला येणाऱ्या ओळखीच्या लोकांना वाटलं, डॉक्टरांनी गाडी विकायला काढली आणि गिऱ्हाइकाला दाखवताहेत.

गेल्या रविवारी सुनंदाला माहेरी जायचं होतं. ती रिक्षा बघायला गेली नाही. पर्स खांद्याला लावून बुलेटपाशी येऊन उभी राहिली. पण बसली नाही.

"ब्रेक कुठंय?" तिनं विचारलं.

मी पायाकडे पाहिलं. पहिलीतल्या पोरासारखा घाम फुटला. "डावीकडं."

"हुशार," ती म्हणाली.

वर्गात उत्तर बरोबर आलं की ती असंच म्हणते. पण अक्कांचा शब्द मी तिला सांगितलेला आहे. ती मागं बसली, माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला आणि माहेरचं दार येईपर्यंत तो काढला नाही.